तीन मीटरवरून

रस्त्यावरचे फोटो काढायला खिशात मावणारा, रोल घालायचा कॅमेरा घ्यावा का, या प्रश्नावर सध्या दोन तट पडलेले दिसतात. एका बाजूला रोलची भक्ती, दुसऱ्या बाजूला त्या भक्तीची टवाळी. या गदारोळात खुद्द कॅमेऱ्याबद्दल फारच थोडं बोललं जातं. म्हणून इथे एका आक्षेपकाला समोर बसवून हा वाद नीट खेळायचा आहे. तो कसलेला छायाचित्रकार आहे, त्याच्याकडे उत्तम डिजिटल कॅमेरा आहे, मोबाइल तर आहेच, आणि त्याचे बहुतेक मुद्दे खरे आहेत. त्याला उत्तर देताना मी खोट्या मुद्द्यांची पाठराखण करणार नाही. रोलवाल्या बाजूने आजवर जे युक्तिवाद हिरिरीने मांडले, त्यांतले निम्मे कच्चे आहेत आणि त्यांच्यामुळे पक्का युक्तिवाद झाकला गेला आहे, असं माझं मत आहे.

आक्षेपक सुरुवातच तिथून करतो. "छत्तीस फ्रेम असल्या की माणूस विचार करून बटण दाबतो, हे तुमचं ठरलेलं पालुपद. इतिहास काय सांगतो? रॉबर्ट फ्रँकने १९५५-५६ मध्ये अमेरिका पालथी घातली ती ७६७ रोल संपवून. म्हणजे सत्तावीस हजारांवर फ्रेम. त्यातून 'द अमेरिकन्स' या पुस्तकात आली ८३ छायाचित्रं. गॅरी विनोग्रँड १९८४ मध्ये वारला तेव्हा न धुतलेलेच रोल अडीच हजारांच्या आसपास निघाले. ही माणसं फ्रेम मोजत बसली होती असं म्हणायचं आहे का तुम्हाला?"

नाही म्हणायचं. काटकसरीचा मुद्दा मी खुशाल सोडून देतो. ज्याला विचार करायचा नाही तो छत्तीस फ्रेम दहा मिनिटांत उडवतो, आणि ज्याला करायचा आहे त्याला कार्डावरच्या हजार फ्रेम आड येत नाहीत. माझा मुद्दा अंतराचा आहे. लहान फिल्म कॅमेऱ्याची सवय लावून घेणं म्हणजे मुख्यतः समोरच्या माणसापासून आपण किती लांब उभे आहोत, हे न मोजता ओळखायची सवय लावून घेणं. ऑलिम्पसचा एक्सए हातात घेतला की हे चटकन कळतं. योशिहिसा माइतानी यांच्या कल्पनेतून उतरलेला हा कॅमेरा १९७९ मध्ये बाजारात आला. लांबी जेमतेम दहा सेंटिमीटर, वजन सव्वादोनशे ग्रॅमच्या घरात. पुढचं झाकण बाजूला सरकवलं की ३५ मिलिमीटरची लेन्स उघडी पडते आणि कॅमेरा तयार होतो, झाकण लावलं की बंद. झूम नाही. लेन्सच्या खाली बोटाने सरकवायची बारीक दांडी आहे, तिने अंतर लावायचं. अ‍ॅपर्चरची पट्टी पुढच्याच अंगाला, एफ २.८ पासून २२ पर्यंत. शटरचा वेग कॅमेरा स्वतः ठरवतो आणि व्ह्यूफाइंडरच्या डाव्या कडेला एक काटा तो वेग दाखवत राहतो. वरचं नारिंगी बटण इतकं हलकं की बोट टेकलं न टेकलं तोच खटका पडतो. पुढच्याच वर्षी आलेल्या एक्सए२ मध्ये तर अंतराच्या तीनच खुणा आहेत, जवळच्यासाठी एक, मधल्यासाठी एक आणि लांबच्यासाठी डोंगर. झाकण बंद केलं की खूण आपोआप मधल्या जागी परत येते. बहुतेक फोटो मधल्या अंतरावरच निघणार, हे बनवणाऱ्यांनी आधीच गृहीत धरलं होतं.

आता या अंतराचं गणित. ३५ मिलिमीटरची लेन्स, एफ ८, आणि दांडी तीन मीटरवर. एवढं लावलं की साधारण १.९ मीटरपासून ७.३ मीटरपर्यंतचं सगळं पुरेसं स्पष्ट येतं. दादरच्या फूलबाजारात सकाळी झेंडूच्या ढिगासमोर उभं राहिलं, तर हार ओवणाऱ्या हातांपासून मागे गिऱ्हाइकाशी घासाघीस करणाऱ्या चौथ्या माणसापर्यंत सगळे या पट्ट्यात बसतात, आणि फोकसला हातही लावावा लागत नाही. ४०० चा रोल असेल तर उघड्या उन्हात प्रकाशाची चंगळ असते, एफ १६ ला सेकंदाचा पाचशेवा भाग पुरतो. पण पुलाखालच्या सावलीत शिरलं की हिशोब फिरतो. एफ ८ तसाच ठेवला तर काटा तीसच्या आसपास घसरतो आणि डोक्यावर टोपली घेऊन चाललेला हमाल फोटोत पुसट होतो. वेग मिळावा म्हणून एफ ४ केलं, तर तो ऐसपैस पट्टा आक्रसून २.३ ते ४.२ मीटर एवढाच उरतो. सावलीत जाणारा म्हणून एक पाऊल पुढे टाकतो किंवा माणूस पट्ट्यात येईपर्यंत थांबतो. फोकस करण्याचं काम कॅमेऱ्याकडून पायांकडे येतं. कॅमेऱ्याची सवय होणं म्हणजे हेच काम पायांनी निमूटपणे उचलणं, आणि त्याला वेळ लागतो.

"पण हा सगळा खटाटोप मोबाइलला करावाच लागत नाही," आक्षेपक म्हणतो. "त्याची लेन्स मुळात काही मिलिमीटरची, सेन्सर नखाएवढा. हाताच्या अंतरापासून क्षितिजापर्यंत बहुतेक सगळं स्पष्ट. त्यात कमी-जास्त राहिलं तर चेहरा शोधून फोकस करायची सोय आहे. तुम्ही ज्या अडचणीवर मात करायला शिकता, ती अडचण तुम्हीच पैसे मोजून विकत आणलेली आहे. फोटो चांगला आला की झालं. पायांना काय कळलं याच्याशी बघणाऱ्याला काय कर्तव्य?"

बघणाऱ्याला पायांशी कर्तव्य नसेल, पण फोटोच्या रचनेशी आहे, आणि रचना उभं राहण्याच्या जागेवरूनच ठरते. कोणाच्या खांद्याआडून कोण डोकावतो, पुढचा हात मागच्या चेहऱ्यावर येतो की त्याच्या शेजारी मोकळा राहतो, पाटी किती मोठी आणि माणूस किती लहान, हे सगळं जागा बदलली की बदलतं आणि लेन्स बदलून बदलत नाही. रघुबीर सिंग यांच्या मुंबईवरच्या १९९४ च्या पुस्तकातली गर्दीची छायाचित्रं यासाठी पाहावीत. चौकटीच्या अगदी कडेला जवळचा माणूस, मध्ये आरसा किंवा खिडकी, त्यापलीकडे तिसराच व्यवहार, आणि तरी कोणी कोणाला झाकत नाही. त्यांच्या हातात कोणता कॅमेरा होता हा प्रश्न इथे गौण आहे. ते कुठे उभे राहिले हे महत्त्वाचं. मोबाइलमध्ये ही जागा शोधायची गरज भासत नाही, कारण दोन बोटांनी पडदा ताणला की माणूस जवळ येतो. मी मोबाइलला हिणवत नाही, त्यावर उत्तम फोटो निघतात. पण ताणलेल्या पडद्यावर जवळ आलेला माणूस प्रत्यक्षात लांबच असतो, त्याची पाठीमागच्या गर्दीशी असलेली मांडणी लांबूनच घेतलेली असते, आणि काढणाऱ्याला त्याची जाणीव होत नाही. शिवाय पडदा हातभर पुढे धरावा लागतो, त्यामुळे नजर रस्त्यावरून उठून काचेवर जाते. एक्सएच्या व्ह्यूफाइंडरला डोळा लावला की दुसरा डोळा उघडा ठेवता येतो, आणि चौकटीत अजून न आलेली सायकल त्या उघड्या डोळ्याला आधी दिसते.

सवय होईपर्यंतचे रोल मात्र पाहवत नाहीत, हे आक्षेपकाच्या आधी मीच सांगून टाकतो. व्ह्यूफाइंडर लेन्सपासून वेगळा असल्यामुळे मीटरभरावरून काढलेल्या चेहऱ्याचं डोकं छाटलं जातं, चौकटीतल्या जवळच्या खुणांकडे लक्ष दिलं नाही तर हमखास. लांबून काढलेल्या फोटोंत माणसं मुंगीएवढी येतात, कारण ३५ मिलिमीटरच्या लेन्समधून पाच मीटर हे अंतर डोळ्यांना वाटतं त्याहून पुष्कळ लांब असतं. आणि तीन मीटर म्हणून जे अंदाजाने धरलं होतं ते बहुधा चार निघतं. नवशिका जवळजवळ नेहमी याच दिशेने चुकतो, कारण अनोळखी माणसाच्या जवळ जायला तो बिचकतो आणि बिचकलेल्या माणसाला अंतर कमी भासतं. मला या चुका मोलाच्या वाटतात. ऑटोफोकस असता तर सावलीतल्या अरुंद पट्ट्याच्या काठावर पडलेले हे चार मीटरही लख्ख स्पष्ट आले असते आणि आपण बिचकलो होतो, ही गोष्ट कधीच उघडकीला आली नसती.

इथे आक्षेपक आपलं सगळ्यात भारी शस्त्र काढतो. "अंतराचीच गोष्ट आहे ना? मग रिकोहचा डिजिटल जीआर घ्या. झूम नाही, खिशात मावतो, फोकस आधीच ठरावीक अंतरावर बांधून ठेवायची सोय आहे. तुमचे दाइदो मोरियामा घ्या. शिंजुकूच्या गल्ल्यांत फिल्मच्या जीआर कॅमेऱ्यांनी त्यांनी जे केलं ते जगाने पाहिलं, आणि पुढे तेच मोरियामा डिजिटल कॉम्पॅक्टवर गेले. त्यांनी रोल सोडला, तुम्ही कशाला धरून बसलाय?"

हा आक्षेप मी जवळजवळ पूर्ण मान्य करतो. १९९६ च्या फिल्मवाल्या जीआर१ मध्ये २८ मिलिमीटरची लेन्स होती आणि फोकस दोन मीटरवर बांधून ठेवायची सोय होती. तीच कल्पना पुढच्या डिजिटल कॅमेऱ्यांत उतरली. मोरियामांना रोल सोडता आला याचं कारण त्यांच्या अंगात ते अंतर दशकानुदशकं मुरलेलं होतं. जो आज पहिल्यांदा शिकतो आहे त्याची स्थिती वेगळी असते. डिजिटल कॉम्पॅक्टमध्ये फोकस बांधून ठेवता येतो तसा एका बटणाने सोडवताही येतो. पहिले दहा फोटो पुसट दिसले की हात आपसूक त्या बटणाकडे जातो. एक्सए२ मध्ये असं बटणच नाही. आणि दुसरी गोष्ट मागच्या पडद्याची. फोटो काढल्याबरोबर मान खाली जाते. त्या दोन सेकंदांत समोरची बाई हसलेली असते, हारवाल्याने पैसे न घेता पुडी पुढे केलेली असते, आणि आपण आधीच्या क्षणाची तपासणी करत असतो. रोल असेल तर तपासायला काहीच नसतं, म्हणून नजर जिथल्या तिथे राहते. निकाल नंतर लागतो, लॅबमधून निगेटिव्ह आल्यावर. आपल्याकडे ऐंशी-नव्वदच्या दशकांत घरोघरी हॉटशॉट, यशिका असे कॅमेरे होते, तेव्हा एकाच रोलवर सुरुवातीला गणपती आणि शेवटी दिवाळी असायची. तो उशीर नाइलाजाचा होता आणि त्याचं कौतुक करायचं कारण नाही. पण त्या उशिरात एक गुण दडलेला होता. फोटो हातात येईस्तोवर तो काढतानाची धांदल, धडधड, जमल्याचा आनंद ओसरलेला असायचा, आणि समोर उरायचा तो नुसता फोटो. आपल्याच कामाकडे परक्याच्या डोळ्यांनी बघायला एवढा वेळ लागतो.

"विनोग्रँडही हेच करायचा," आक्षेपक अडवतो. "रोल मुद्दाम उशिरा धुवायचा. आणि त्याचं काय झालं? हजारो फ्रेम त्याने स्वतः कधी पाहिल्याच नाहीत. त्याच्या मागे जॉन झारकोव्स्की यांनी ते काम तपासलं, १९८८ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात प्रदर्शन केलं, आणि शेवटच्या काळातलं काम घसरलेलं आहे हे लपवलं नाही. न बघता काढत राहिलेला माणूस स्वतःकडून काही शिकूच शकत नाही. पडद्यावर लगेच चूक दिसली तर लगेच सुधारता येते, ही साधी गोष्ट तुम्ही दोष म्हणून मांडताय."

विनोग्रँडचं उदाहरण माझ्या बाजूलाही धोक्याची खूण म्हणून लागतं, हे खरं. उशीर आणि टाळाटाळ यांत फरक करावाच लागेल. पंधरा दिवसांनी रोल धुवून काँटॅक्ट शीटवर भिंग फिरवणारा माणूस शिकतो, वर्षानुवर्षे डबे साठवणारा शिकत नाही. लगेच चूक दिसण्याबद्दल मात्र माझं मत ठाम आहे. लगेच दिसते ती तंत्राची चूक, म्हणजे काळा पडला, हलला, तिरका आला. ती सुधारायला पडदा उत्तम आहे आणि एक्स्पोजर शिकायचं असेल तर मी कोणालाही डिजिटलच सुचवीन. पण रस्त्यावर आपण सारखे एकाच बाजूने उभे राहतो, पाठमोऱ्या माणसांचेच फोटो काढतो, कोणी आपल्याकडे पाहिलं की खटका एक क्षण उशिरा दाबतो, या सवयी एकट्या फोटोत दिसत नाहीत. छत्तीस फ्रेम ओळीने, काढल्या त्या क्रमाने, फसलेल्यांसकट समोर आल्या की दिसतात. कार्डावर फसलेल्या फ्रेम आपण चालता चालताच पुसून टाकलेल्या असतात, आणि पुसलेल्या फ्रेमबरोबर हा पुरावाही जातो.

आक्षेपकाचा यापुढचा प्रश्न मला सगळ्यांत जड वाटतो. "तुमचा हा इवलासा कॅमेरा शेवटी चोरूनच फोटो काढण्यासाठी आहे. मोबाइलवर फोटो काढला की पोरं गोळा होतात, दाखवा दाखवा करतात. ज्याचा काढला त्याला तो दिसतो, नको असेल तर तिथेच पुसता येतो. तुम्ही मात्र माणसाला खिशात घालून निघून जाता. त्याला ना फोटो दिसतो, ना नकार देता येतो."

यातला पहिला भाग मला मान्य नाही आणि दुसरा पुरता मान्य आहे. चोरी लांबून होते. रस्त्यापलीकडून लांब लेन्सने टिपलेल्या माणसाला आपला फोटो निघाल्याची गंधवार्ता नसते. तीन मीटर हे बोलण्याचं अंतर आहे. इतक्या जवळून डोळ्याला कॅमेरा लावणारा माणूस दिसतोच, आणि "काय हो, कशाला काढताय?" असं त्याला आवाज न चढवता विचारता येतं. मोबाइल हातात धरलेला माणूस फोटो काढतो आहे की निरोप वाचतो आहे, हे समोरच्याला कळतही नाही. कमरेजवळ कॅमेरा धरून न बघता काढायची पद्धत या कॅमेऱ्यांबरोबर फार बोकाळली आहे आणि मला ती अजिबात पटत नाही. तीन मीटरवर उभं राहण्यात जो उघडपणा आहे तो तिने वाया जातो. मात्र दाखवता न येणं ही खरी उणीव आहे, तिला गुणाचा मुलामा देऊ नये. रोलवरची फ्रेम तिथल्या तिथे पुसता येत नाही, म्हणून नकार खटक्याच्या आधीच वाचावा लागतो, आणि कपाळावरची आठी, फिरवलेली मान, पदराची हालचाल हा नकारच धरावा लागतो. लहान मुलांच्या बाबतीत तर जवळच्या मोठ्या माणसाला विचारूनच. आणि फोटो परत न्यावा. फूलबाजारातला हारवाला, चौकातला चांभार, उसाच्या चरकावरची बाई रोज त्याच जागी असतात. छोटी प्रिंट करून नेऊन द्यायला फार खर्च येत नाही, आणि ती दिल्यावर पुढच्या खेपेला तीन मीटरचे दोन मीटर होतात. फलाटावरून गेलेल्या प्रवाशाला हे करता येत नाही. तिथे आक्षेपकाचं म्हणणं माझ्यावर उरतं, आणि ते उरलेलं मी मान्य करतो.

पैशांबद्दल आणि फॅशनबद्दलही तो बोलतो, पण तिथे वाद घालण्यासारखं फार नाही. रोल, धुलाई आणि स्कॅन मिळून आज हजार रुपयांच्या वर जातात. फ्रेममागे तीसेक रुपये पडतात, आणि ज्याला ते जड आहेत त्याने या नादाला लागू नये. चाळीस वर्षांपूर्वीच्या यंत्रांची आतली इलेक्ट्रॉनिक्स एकदा गेली की गेली, मागच्या दाराचा फोम चिकट होऊन प्रकाश आत शिरतो. नावाजलेल्या मॉडेलांच्या किमती तर निव्वळ हौसेपायी फुगल्या आहेत. म्हणूनच मी नावाच्या मागे लागू नका असं म्हणतो. २०२४ मध्ये पेंटॅक्सने नवाकोरा पेंटॅक्स १७ काढला. अर्ध्या फ्रेमचा असल्यामुळे छत्तीसच्या रोलवर बहात्तर फोटो निघतात आणि अंतर खुणांवरच लावायचं असतं. कंपनीला आजही अंतराच्या खुणा घालाव्याशा वाटल्या, हे मला लक्षणीय वाटतं.

"बरं, रात्रीचं काय?" आक्षेपक शेवटी विचारतो. रात्रीचं काही नाही. ४०० चा रोल आणि हातात धरलेला लहान कॅमेरा दिवे लागल्यावर अपुरा पडतो, फ्लॅश मारला तर रस्ता काळा होतो आणि पुढचा माणूस तेवढा उजळतो. त्या वेळी आक्षेपकाचा डिजिटल कॅमेरा खिशात असावा. रघू राय यांचं चर्चगेट स्थानकातलं १९९५ चं छायाचित्र, ज्यात गर्दी वाहून गेल्यासारखी पुसट आहे आणि वर्तमानपत्र वाचणारे तेवढे स्थिर, तेही खिशातल्या कॅमेऱ्याने सहज हात उचलून निघणारं नाही. त्याला मंद शटर आणि भक्कम आधार लागतो. सुरुवात करणाऱ्याने दिवसाउजेडी करावी. ४०० चा रोल, अंतर तीन मीटर, पट्टी असेल तर एफ ८, आणि एकच रस्ता, म्हणजे उन्हाची जागा आणि सावलीची जागा पाठ होईल. रोल धुवून आला की चांगल्या फ्रेमवर खूण करायची घाई करू नये. आधी प्रत्येक फ्रेमखाली पेन्सिलीने लिहावं, इथे माणूस किती मीटरवर होता आणि आपल्याला किती वाटला होता.